सरपंचताई, विचारायला कुणी नाहीये ना? मग हे वाचा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ज्या बायका सरपंच, उपसरपंच, सदस्य, नगरसेविका, झेडपी मेंबर म्हणून काम करतायत त्यांनी आपले प्रश्न पाठवा, नाव-गाव छापणार नाही. भरपूर पत्रं आली. अर्ध्याहून जास्त तर व्हॉइस नोटच आहेत, रात्री सगळ्यांची जेवणं आटपल्यावर केलेल्या, मागं भांड्यांचा आवाज येतोय आणि बाई हळू आवाजात बोलतेय. प्रश्न वेगवेगळे आहेत, सहीचा, अविश्वासाचा, घाण मेसेजचा, पण जवळजवळ प्रत्येकीच्या बोलण्यात हे येतंच की ताई, विचारायला कुणी नाहीये.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण माणसं आहेत. महाराष्ट्रात १९९० पासून ३० टक्के, मग ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाल्यावर एक तृतीयांश आणि २०११ पासून ५० टक्के जागा बायकांना आहेत. एका तालुक्यात सत्तर-ऐंशी ग्रामपंचायती धरल्या तरी शेकडो बायका निवडून आलेल्या असतात. फक्त त्यांची एकमेकींशी ओळख नसते, कारण मिटिंगला सोबत नवरा असतो आणि ओळखी नवऱ्यांच्या होतात. म्हणून यावेळी सगळा कॉलम याच विषयाला दिलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २८ वर्षांची आहे, बारावी झालेय, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच आहे. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक कागद घरी पाठवतात, दीर सांगतात इथं सही कर, मी करते. माझी डीएससी मी कधी हातात पण घेतली नाहीये, ती ऑपरेटरकडे असते आणि मोबाईल नंबर यांचा दिलाय. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण मी नाही, हे आहेत. घरात भांडण नकोय मला, पण भीती वाटते की उद्या काही झालं तर नाव माझंच येणार. काय करू?

अगं, तुझी भीती एकदम बरोबर आहे आणि ती तुला वाटतेय हे चांगलंय. ऑडिटमध्ये आक्षेप निघाला, वसुली लागली, तर नोटीस सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या नावाने येते, दिरांच्या नावाने येत नाही. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली कारवाई झाली तरी पद तुझं जातं. तेव्हा जे आज इथं सही कर म्हणतात ते त्या दिवशी कानावर हात ठेवतात, हे मी खूप ठिकाणी बघितलंय.

आधी डीएससीचं बघू. डीएससी म्हणजे तुझी डिजिटल सही, पेनड्राइव्हसारखं छोटं टोकन असतं, त्याला पिन असतो. वित्त आयोगाचा पैसा हल्ली ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन जातो, ग्रामसेवक पेमेंट तयार करतो आणि सरपंचाच्या डीएससीने ते मंजूर होतं, त्यानंतरच ठेकेदाराच्या खात्यात पैसा पडतो. म्हणजे ते टोकन आणि पिन दुसऱ्याकडे असणं म्हणजे सह्या करून ठेवलेलं चेकबुक दुसऱ्याच्या कपाटात असणं. ऑपरेटर वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाहीये, बऱ्याच ठिकाणी त्याला एकट्याला चार गावांचं काम असतं आणि सरपंच येत नाही म्हणून तो ठेवून घेतो. तू सरळ जा आणि सांग की माझी डीएससी मी ठेवणार, पेमेंट असेल त्या दिवशी फोन करा, मी येते. पिन बदलून घे. तुझा मोबाईल नंबर लावून घे. यात कुणावर आरोप नाही त्यामुळे भांडण पण होत नाही, आणि घरात सांगायचं तर एवढंच सांग की ऑडिटला मलाच विचारणारेत, मला माहिती नको का. या वाक्यावर सासरे-दीर बहुतेक गप्प बसतात कारण वसुलीची भीती त्यांना पण असते.

दुसरी गोष्ट प्रोसिडिंग बुक. मासिक सभा झाली की ठराव तिथंच लिहून घ्यायचे आणि मगच सही. सही करताना शेवटचा ठराव आणि तुझी सही यामध्ये चार-पाच ओळी मोकळ्या सोडलेल्या असतील तर त्या जागेवर तिरकी रेघ मार, मग सही कर. त्या मोकळ्या ओळींमध्ये नंतर काय काय लिहिलं जातं ते विचारू नकोस. आणि महिन्याला एकदा नमुना ५ म्हणजे रोकड वही मागून बघ. पहिल्यांदा काहीच कळणार नाही, दुसऱ्या महिन्यात निम्मं कळेल. मोबाईलवर मेरी पंचायत अॅप टाक, त्यात तुझ्याच गावाला किती पैसा आला आणि कशावर गेला ते दिसतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता खरी गरज. तुला अशी एक बाई हवी जिला सही करायच्या आधी फोटो काढून पाठवता येईल आणि ती म्हणेल थांब, याला अंदाजपत्रक जोडलंय का बघ. शेजारच्या गावातली, दुसऱ्या टर्मची सरपंच असेल तर सोन्याहून पिवळं. मागे एका पंचायत समितीच्या आवारात मी दोघींना बघितलं, गुलमोहराखालच्या ओट्यावर कॅशबुकची झेरॉक्स पसरलेली, एकीचं बोट एकेक ओळीवरून चाललंय, ही घरपट्टी जमा, ही पाणीपट्टी, हा बल्बचा खर्च, आणि दुसरी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतेय. वेगवेगळ्या पार्टीच्या होत्या दोघी. तासाभरात जेवढं झालं तेवढं आमच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये होत नाही, आणि मी स्वतः ट्रेनिंग घेते म्हणून हे सांगतेय.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यात सदस्य आहे. आमच्या भागातल्या पाच-सहा जणींनी मिळून ग्रुप करायचं ठरवलं पण एक जण म्हणते पार्टी वेगळी, एक जण म्हणते घरचे सोडणार नाहीत, आणि पुरुष मेंबर आत्ताच म्हणायला लागलेत की बायकांची भिशी सुरू झाली. हे कसं जमवायचं? आणि यातून खरंच काही होतं का?

होतं. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखाच्या वर बायका आल्या होत्या, आणि बायकांनी स्थानिक निवडणुका लढवायच्या हा विचार तिथून पुढे आला. तेव्हा आरक्षणाचा कायदा पण नव्हता. मग १९८९ ला जळगावमधलं विटनेर, यवतमाळमधलं मेटीखेडा अशा गावांत पूर्ण बायकांची पॅनल निवडून आली. एकटीदुकटी उभी राहिली असती तर घरातूनच अर्ज मागे घ्यायला लावला असता, पण सगळ्या मिळून उभ्या राहिल्या म्हणून जमलं. बारामतीजवळच्या निंबूतला तर १९६० च्या दशकातच पूर्ण महिलांची पंचायत होती. म्हणजे ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे, कुठल्या एनजीओने बाहेरून आणलेली नाहीये.

कसं जमवायचं म्हणशील तर वेगळी मिटिंग, वेगळा हॉल, चहापाणी यात पडूच नका. पंचायत समितीत तुम्हाला तसं पण जावं लागतं, कुठल्या ना कुठल्या कामासाठी. वार ठरवा. समजा गुरुवार. ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी तासभर आधी पोचायचं आणि बसायचं. घरच्यांना सांगायला पण सोपं, पंचायत समितीत काम आहे. प्रवासाचा प्रश्न असतो मला माहितीये, सप्टेंबर २०२४ मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, दोन हजारापर्यंत लोकसंख्या असेल तर ३ हजाराचे ६ हजार, मोठ्या गावाला १० हजारापर्यंत, पण सदस्याला काय, मिटिंगचा भत्ता, तो पण नावालाच. त्यामुळे वेगळा खेटा घालायला लावू नका कुणाला.

बसल्यावर काय बोलायचं याचं पण सांगते, नाहीतर नुसतं रडगाणं होतं. रडगाणं वाईट नाही, पहिल्या दोनदा ते होऊ द्या, बायका किती दिवसांचं साठवून आलेल्या असतात. पण तिसऱ्यांदा प्रत्येकीने एक कागद आणायचा. कुणी ऑडिट रिपोर्ट, कुणी ठराव, कुणी नोटीस. एकच कागद घ्यायचा आणि सगळ्यांनी वाचायचा. समजा एकीच्या गावात महिला बालकल्याणचा १० टक्के निधी खर्चच झालेला नाही, कागदावर दाखवलाय पण अंगणवाडीत काही पोचलं नाही, तर मग बाकीच्या आपापल्या गावी जाऊन बघतात आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न चार गावांचा झालेला असतो. एका गावच्या सदस्याने बीडीओला म्हणजे गटविकास अधिकाऱ्याला विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही, चार गावच्या बायकांनी एकत्र लेखी दिलं की शाखेतला माणूस बसा म्हणतो, फाईल काढतो.

पार्टीचं असं आहे की तिकीट, प्रचार, कुणाला पाडायचं हे विषय त्या ओट्यावर आणायचेच नाहीत, हा पहिला नियम. गावात निवडणुकीत समोरासमोर असलेल्या बायका पण शौचालयाच्या आणि दाखल्यांच्या प्रश्नावर एकच असतात. व्हॉट्सॅप ग्रुप केला तर त्यात फक्त त्या बाईचा स्वतःचा नंबर, नवऱ्याचा चालणार नाही, आणि गुड मॉर्निंग, देवाचे फोटो, पार्टीचे बॅनर बंद. जिला टाइप करायला जमत नाही तिने व्हॉइस नोट टाकायची, तिला कुणी लिहून पाठव म्हणायचं नाही. आणि ग्रुपवरचं बाहेर गेलं तर ग्रुप संपला, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. भिशी म्हणणाऱ्यांना म्हणू द्या, चार महिन्यांनी तेच विचारायला येतील की आमच्या वॉर्डाचं पण बघा.

बाहेरची मदत कुठली घ्यायची ते पण लिहून ठेवा. महिला राजसत्ता आंदोलन ही संघटना कित्येक वर्षं आपल्या राज्यात निवडून आलेल्या बायकांबरोबर काम करतेय, तिच्या कार्यकर्त्या तुमच्या भागात आहेत का ते शोधा. पुण्याची यशदा सरपंच-सदस्यांची ट्रेनिंग घेते, पत्र आलं तर स्वतः जा, दुसऱ्याला पाठवू नका, तिथं ज्ञान मिळतंच पण ओळखी जास्त महत्त्वाच्या. बचत गटांचं सरकारी अभियान उमेद, त्याचे ग्रामसंघ-प्रभागसंघ आणि माविमची म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची साधन केंद्रं आहेत, तिथल्या बायकांना हिशोब चोख येतो आणि महिला ग्रामसभेला गर्दी त्याच करतात. महिला ग्रामसभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते हे विसरू नका, बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते, सह्या घरोघर फिरून घेतात. तुम्ही सहा जणींनी सहा गावांत ती खरी घेऊन दाखवली, आणि एकीच्या सभेला बाकीच्या दोघी जाऊन बसल्या, तर तुमचा ग्रुप कशासाठी आहे हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : मी थेट निवडून आलेली सरपंच आहे, मराठवाड्यातून. एका कामाच्या बिलावर सही केली नाही म्हणून सगळे मेंबर विरोधात गेलेत. अविश्वास आणणार असं ऐकतेय, मेंबर सहलीला नेलेत असं पण कळलं. त्यातच कुणीतरी अर्ज दिलाय की माझं घर अतिक्रमणात आहे. रात्रभर झोप नाही. राजीनामा देऊन टाकू का?

राजीनामा अजिबात देऊ नका. निदान हे उत्तर वाचून, दोन माणसांशी बोलून मगच काय ते ठरवा. राजीनामा मिळावा म्हणूनच हे सगळं चाललेलं असतं, कारण तो त्यांना सगळ्यात स्वस्त पडतो.

अविश्वास ठराव वाटतो तेवढा सोपा नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही. त्यानंतर आणला तरी नोटीस तहसीलदारांकडे जाते, ते विशेष सभा लावतात, त्यात तीन चतुर्थांश सदस्यांनी बाजूने मत द्यावं लागतं, आणि थेट निवडीच्या सरपंचाच्या बाबतीत तेवढ्यावर पण संपत नाही, तो ग्रामसभेपुढे जातो आणि गावाने गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब करावं लागतं. सहलीला मेंबर नेता येतात, गाव नेता येत नाही. म्हणून आत्ता मेंबरांच्या मागे धावण्यापेक्षा गावात फिरा. बचत गटांच्या मिटिंगला जा, ते बिल काय होतं, सही का केली नाही हे साध्या भाषेत सांगा, कागद दाखवा. लपवू नका काहीच.

अतिक्रमणाच्या अर्जाचं जास्त गांभीर्याने घ्या, कारण अविश्वास जमत नाही तिथं अपात्रतेचा रस्ता धरतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाबाबत हेच झालं. सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात अशी तक्रार, त्या म्हणत होत्या की मी नवरा-मुलांबरोबर वेगळी भाड्याच्या घरात राहते, तरी खालपासून हायकोर्टापर्यंत निकाल विरोधात गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपात्रता रद्द केली आणि सुनावलं की लोकनियुक्त प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या बाईला, काढून टाकणं हा हलक्यात घ्यायचा विषय नाही, बाई सरपंच झालीये आणि तिच्या सूचना पाळायच्या आहेत हेच गावाला पचलं नव्हतं. त्या बाई शेवटपर्यंत लढल्या म्हणून आज तुमच्या वकिलाला तो निकाल दाखवता येतो.

तेव्हा आजच एक फाईल करा. नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, शौचालयाचा दाखला, निवडणूक खर्च मुदतीत सादर केल्याची पोच, राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्र, अपत्यांचे जन्मदाखले. ज्या ज्या कारणाने पद जातं त्याचे हे कागद आहेत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १५१०० हा त्यांचा नंबर आहे.

आणि सुनावणीला एकट्या जाऊ नका हो. आजूबाजूच्या दोन-तीन महिला सरपंचांना सोबत घ्या. त्यांनी आत काही बोलायची गरज नाही, बाहेरच्या बाकड्यावर बसल्या तरी खूप फरक पडतो, तुम्हाला पण आणि समोरच्याला पण. ज्या येतील त्यांना वाटत असेल की हे दुसऱ्या गावचं राजकारण, आपण कशाला पडा, त्यांना माझं सांगणं आहे की बिलावर सही न करणारी बाई पडली की पुढच्या आठवड्यात तोच ठेकेदार तुमच्याकडे बिल घेऊन येतो.

झोपेचं मनावर घ्या. रात्रभर जागून सकाळी कागद वाचले तर डोक्यात शिरत नाहीत. एका मैत्रिणीला सांगून ठेवा की रात्री दहा वाजता मी पाच मिनिटं फोन करणार, काही बोलायचं नसलं तरी करणार.

प्रश्न : माझी पत्नी सरपंच आहे. तिला बाहेरचं फारसं माहीत नाही म्हणून मी मदत करतो. लोक मला सरपंचपती म्हणून हिणवतात. मदत करणं पण चुकीचं का?

दादा, तुम्ही पत्र लिहिलंत हे मला आवडलं. मदत कुठली ते बघा. तिला गाडीवर पंचायत समितीत सोडणं, त्या दिवशी मुलांचं जेवण बघणं, म्हातारीची औषधं देणं, रात्री तिच्याबरोबर बसून परिपत्रक वाचणं ही मदत. तिच्या खुर्चीत बसणं, तिच्याऐवजी अधिकाऱ्याशी बोलणं, तिचा फोन उचलणं ही मदत नाही. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने या विषयावर २०२३ मध्ये समितीच नेमली होती, तिने २०२५ मध्ये अहवाल दिला आणि असा कारभार करणाऱ्यांना जबर दंड व्हावा अशी शिफारस केली. पण दंड सोडा. तिला माहीत नाही म्हणता, तर तुम्हाला तरी पहिल्या दिवशी माहीत होतं का? तुम्ही चार माणसांत बसून शिकलात. तिला पण चार बायकांत बसू द्या. तिला नेऊन सोडा आणि दोन तासांनी घ्यायला या.

प्रश्न : मी दलित समाजातली सरपंच आहे. ग्रामसभेत मला खुर्ची देत नाहीत, पंधरा ऑगस्टला झेंडा उपसरपंचाने लावला. तक्रार केली तर गावात राहणं अवघड होईल. गप्प बसू का?

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. तुम्हाला खुर्ची न देणं ही गावची रीत-बित काही नाहीये, तो गुन्हा आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात कलम ३(१)(एम) यासाठीच आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या पंचायत सदस्याला किंवा प्रमुखाला धमकावून, अडवून त्याचं काम करू न देणं हा त्या कलमाखाली गुन्हा होतो. तक्रार करायची की नाही हे तुम्हीच ठरवणार, कारण राहायचं तुम्हाला आहे. पण पुरावा आजपासून गोळा करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक सभेची तारीख, कोण होतं, काय झालं हे वहीत लिहा. बीडीओंना लेखी पत्र द्या की मला अध्यक्षस्थानी बसू दिलं जात नाही, पुढच्या ग्रामसभेला विस्तार अधिकारी हजर ठेवावा, आणि पोच घ्या. ती पोच फार कामाची आहे.

आणि इतर समाजातल्या ज्या महिला सरपंच हे वाचतायत त्यांना मी स्पष्टच सांगते. आपले ग्रुप होतात त्यात पण जात येते. चहा कुणाकडे प्यायचा, कुणाला आधी बोलू द्यायचं, तिकडून सुरू होतं. तुमच्या शेजारच्या गावात अशी सरपंच असेल तर २६ जानेवारीला तुमचं झेंडावंदन उरकून तिच्या गावी जा. दोघी-तिघी तिच्या शेजारी उभ्या राहा. तिला पाठिंबा आहे असं तोंडाने म्हणत बसण्यापेक्षा हे करा.

प्रश्न : नगरसेविका आहे, पहिलीच टर्म. पाणी प्रश्नावर बोलले तर शहराच्या ग्रुपवर माझा एडिट केलेला घाणेरडा फोटो फिरवला. घरचे म्हणतात दुर्लक्ष कर.

दुर्लक्ष करू नको आणि उत्तर पण देऊ नको. आधी स्क्रीनशॉट काढ, ज्यात पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख-वेळ दिसतंय असे. मूळ मेसेज डिलीट करू नको. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक, पोलिस स्टेशनला लेखी अर्ज दे. धमकी असेल तर सरळ ११२.

हे सगळं करताना तो फोटो तुला परत परत बघावा लागतो आणि तिथंच बायका खचतात. म्हणून हे काम एखाद्या दुसऱ्या नगरसेविकेकडे दे, तुझा फोन तिच्या हातात, ती स्क्रीनशॉट काढेल, ती फॉर्म भरेल, तू सही कर. विरोधी पक्षातली असली तरी चालेल, उलट बरंच, कारण मग हे पार्टीचं भांडण राहत नाही. सभागृहातल्या सगळ्या नगरसेविकांनी मिळून एका पत्रावर सह्या करून ते मुख्याधिकारी किंवा आयुक्त आणि पोलिसांना दिलं तर करणाऱ्याला कळतं की ही एकटी नाहीये. आणि पाणी प्रश्नावर पुढच्या सभेत परत बोल, तयारी करून, आकडे घेऊन. तो फोटो तू गप्प बसावीस म्हणूनच होता ना.

प्रश्न : माझी सरपंचपदाची टर्म संपली. महिला राखीव होतं ते आता खुलं झालं, लोक म्हणतात आता पुरुषांचा नंबर. पाच वर्षांत जेमतेम शिकले तोवर संपलं. आता घरीच बसायचं का?

खुलं म्हणजे पुरुषांचं नव्हे वहिनी, खुलं म्हणजे कुणीही. खुल्या जागेवर बाई उभी राहू शकते आणि राहते, निवडून पण येते. लोक म्हणतात म्हणून तुम्ही मनाने आधीच माघार घेऊ नका. लढायचं असेल तर आत्तापासून घरपट्टीची थकबाकी शून्य ठेवा, मागच्या टर्मच्या ऑडिटमध्ये तुमच्या नावावर काही वसुली दाखवलीये का ते काढून बघा आणि असेल तर तिचा निकाल लावून घ्या, अर्जाच्या छाननीला हेच उकरून काढतात.

आणि लढायचं नसेल तरी वर सोलापूरची मुलगी, मराठवाड्याच्या सरपंच, यांची पत्रं वाचलीत ना तुम्ही? त्यांना हवी असलेली बाई तुम्हीच आहात. तुम्हाला ऑडिट कसं होतं माहितीये, कुठला साहेब ऐकतो, कुठला फिरवतो माहितीये, कोणता कागद कुणाच्या टेबलावर अडकतो माहितीये. मोठ्या अधिकाऱ्याला जे सांगता येत नाही ते तुम्हाला सांगता येतं, आणि तुम्ही आता कुणाच्या स्पर्धेत नाही आहात त्यामुळे तुमच्यावर विश्वास ठेवायला नवीन पोरींना सोपं जातं. पंचायत समितीत जाऊन विचारा, गटातल्या नवीन महिला सरपंचांच्या ट्रेनिंगला अनुभव सांगायला मला बोलवा म्हणून. यशदाकडे प्रवीण प्रशिक्षक म्हणून पण नाव देता येतं. नाहीतर सरळ तुमच्या जागी जो कोणी सरपंच झालाय त्याच्या पंचायतीतल्या नवीन महिला सदस्यांना एका दुपारी घरी बोलवा, तुमची जुनी डायरी काढा आणि पहिल्या मासिक सभेच्या आधी त्यांना नोटीस कशी असते, विषयपत्रिका कशी वाचायची, विरोध असेल तर तो नावानिशी प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला कसं लावायचं एवढं दाखवा. पुढच्या महिन्यात मला कळवा किती जणी आल्या.